माल पोचतो, पण उतरत नाही

कापडाचा ट्रक मालेगावहून निघाला की व्यापारी निश्चिंत होतो. बिल्टी हातात आली, ट्रकचा नंबर कळला, म्हणजे माल उद्या पेढीवर आलाच असे तो धरून चालतो. परंतु ट्रक मुंबईत पोचणे आणि माल गाळ्यात उतरणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मालेगाव ते मुंबई हे अंतर सुमारे २८० किलोमीटर. चांदवड, नाशिक, कसारा घाट, भिवंडी असे करीत ट्रक सात-आठ तासांत भायखळ्याला येतो. तेथून मंगलदास मार्केट फार तर चार किलोमीटर. हे चार किलोमीटर आणि त्यानंतरची माल उतरविण्याची तासा-दोन तासांची मेहनत, सगळी तकरार यातच भरलेली आहे. भाड्याची तकरार, वाराईची तकरार, भिजलेल्या गाठीची तकरार, उशिराची तकरार. बहुतेक वेळा ठपका येतो तो ड्रायव्हरवर, कारण त्या वेळी समोर उभा असलेला माणूस तोच असतो.

आम्ही कापडाच्या धंद्यातले असल्यामुळे कापडाचेच बोलतो. पण मशीद बंदरचा सुकामेवा असो, पायधुनीची तांब्या-पितळेची भांडी असोत की मदनपुऱ्यातले चामड्याचे सामान असो, गोष्ट थोड्याफार फरकाने एकच आहे.

रात्रीचा ट्रक, दिवसाचा बाजार

दक्षिण मुंबईत अवजड वाहनांना दिवसा मज्जाव आहे. वाहतूक पोलीस त्यासाठी अधिसूचना काढतात, तासांत अधूनमधून फेरफार होतो, भाजी, दूध, औषधे, इंधन अशा मालाला सवलत मिळते. कापड या सवलतीत बसत नाही. म्हणून ट्रकने रात्री उशिरा शहरात शिरावे आणि सकाळची वर्दळ सुरू होण्याआधी बाहेर पडावे, अशी एकंदर व्यवस्था आहे. शहराच्या दृष्टीने ती चुकीची म्हणता येणार नाही. मोहम्मद अली रोडवर भर दुपारी दहाचाकी ट्रक उभा राहिला तर काय होईल हे सांगायला नको.

पण बाजाराचे घड्याळ वेगळे आहे. पेढ्या सकाळी दहा-अकराला उघडतात. हमाल त्याच सुमारास कामाला लागतात. रात्री मार्केटात वॉचमन असतो, त्याच्याकडे ना गाळ्याची चावी असते ना माल मोजून घेण्याचा अधिकार. त्यामुळे ट्रकला परवानगी असते तेव्हा माल घेणारा नसतो, आणि माल घेणारा येतो तोपर्यंत ट्रकची परवानगी संपलेली असते. ड्रायव्हर लोक हेच आपल्या साध्या भाषेत सांगतात : सेठ, आम्ही रात्री दोनला हजर होतो, तुमचा माणूस सकाळी अकराला आला.

या नऊ तासांत ट्रक कोठे उभा राहणार? लोकमान्य टिळक मार्गावर, काळबादेवीत, शेख मेमन स्ट्रीटवर ट्रक उभा करण्यासारखी जागाच नाही. हे रस्ते हातगाडी आणि बैलगाडीच्या जमान्यातले. आज त्यांच्या दोन्ही बाजूंना उभी वाहने, मध्ये टॅक्सी, दुचाकी आणि डोक्यावर तागे घेतलेले हमाल. वडाळ्याला ट्रक टर्मिनल आहे, पण मार्केटच्या दारात आलेला ट्रक पुन्हा वडाळ्याला नेऊन दुसऱ्या रात्री परत आणायचा म्हणजे एक पूर्ण दिवस बुडाला, डिझेल वेगळे. म्हणून ड्रायव्हर कोठेतरी कडेला ट्रक लावून केबिनमध्येच डोळा लावतो, आणि सकाळी मोबाइलवर ई-चलान येऊन पडलेले असते. फोटो काढला की चलान तयार. ट्रक का थांबला होता हे विचारायला कोणी येत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातील वाहतूकदारांनी याच ई-चलानांच्या विरोधात संप पुकारला होता. चलान ट्रकमालकाच्या नावावर निघते, पण पुष्कळ मालक ते ड्रायव्हरच्या हिशेबातून कापून घेतात. ज्या व्यापाऱ्याने गाळा वेळेवर उघडला नाही, त्याच्यापर्यंत ही गोष्ट पोचतही नाही.

मध्यंतरी रस्त्यांची अडचण आणखी वाढली होती. पी. डिमेलो रोडवरून मशीद बंदर आणि मोहम्मद अली रोडकडे येण्यासाठी कर्नाक बंदरचा पूल फार उपयोगाचा होता. दीडशे वर्षे जुना झालेला तो पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडण्यात आला. नवा पूल १० जुलै २०२५ रोजी खुला झाला, त्याचे नाव आता सिंदूर पूल. मधली अडीच-पावणेतीन वर्षे बंदराच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांना वळसा पडत होता. त्या काळात हातगाडीवाल्यांनी आणि टेंपोवाल्यांनी वाढविलेले दर पूल सुरू झाल्यावर खाली आले काय, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.

जकातीचीही आठवण येथे केली पाहिजे. ३० जून २०१७ पर्यंत मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, रांगाही गेल्या. तेव्हा आपल्यापैकी अनेकांना वाटले की आता माल वाऱ्यासारखा येईल. नाक्यावरचा वेळ खरोखर वाचला. पण वाचलेला वेळ ट्रक आता मार्केटच्या अलीकडे उभा राहून घालवितो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला, तो ट्रकांना लागू नाही.

भिवंडीत गाडी बदलताना

या सगळ्यावर बाजाराने स्वतःच एक तोड काढली आहे. मोठा ट्रक भिवंडीलाच, मानकोली किंवा आसपासच्या गोदामात रिकामा करायचा आणि तेथून लहान टेंपोने माल दिवसा शहरात आणायचा. टेंपो गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, पुढे हातगाडी. भाडे दोनदा पडते, गाठ दोनदा उतरते-चढते. तरीसुद्धा एकंदर खर्च पुष्कळदा कमीच येतो, कारण ट्रक अडकून राहत नाही. आमच्या मते कापडासारख्या मालाला हाच मार्ग ठीक आहे. मात्र गाडी बदलताना कागदाकडे दुर्लक्ष झाले तर सगळी बचत एका तपासणीत जाते. म्हणून हा मुद्दा जरा तपशिलाने सांगतो.

ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला लागू झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्राच्या अंतर्गत वाहतुकीलाही. राज्याच्या आतल्या आत एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ते लागत नाही, राज्याबाहेर मात्र मर्यादा पन्नास हजारांचीच आहे. जॉबवर्कसाठी सूत, कापड किंवा तयार कपडे राज्यात ५० किलोमीटरपर्यंत नेताना किंमत कितीही असली तरी ई-वे बिलाची गरज नाही. भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना ही सवलत मोठी आहे, पण ती जॉबवर्कपुरती. विकलेला माल तिच्यात बसवू नये.

ई-वे बिलाच्या पार्ट-बी मध्ये गाडीचा नंबर असतो. वाटेत गाडी बदलली तर माल दुसऱ्या गाडीत चढविण्यापूर्वी नवा नंबर भरला पाहिजे, हा सर्वसाधारण नियम. याला एक अपवाद आहे. ट्रान्स्पोर्टवाल्याच्या व्यवसायाच्या जागेवरून माल घेणाऱ्याच्या जागेपर्यंतचे अंतर राज्याच्या आत ५० किलोमीटरपर्यंत असेल, तर शेवटच्या टप्प्यातील गाडीचा नंबर भरण्याची सक्ती नाही. मानकोलीच्या गोदामापासून काळबादेवी या अंतरात बसते. परंतु शब्द नीट वाचा : ट्रान्स्पोर्टवाल्याच्या व्यवसायाच्या जागेवरून. हायवेच्या कडेला, ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात ट्रकला टेंपो लावून गाठी बदलल्या तर ही सवलत मिळत नाही. पुष्कळ ड्रायव्हर येथेच फसतात, कारण व्यापाऱ्याने फोनवर "टेंपो पाठवतो, तेथेच माल दे" एवढेच सांगितलेले असते. आमचे म्हणणे असे की अपवादाच्या भरवशावर राहूच नये. टेंपोचा नंबर कळताच तो पार्ट-बी मध्ये भरून टाकावा, दोन मिनिटांचे काम आहे.

मुदतीचाही हिशेब ठेवावा. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री बाराला संपतो. मालेगाव-मुंबईच्या २८० किलोमीटरला म्हणजे दोन दिवस. आता पाहा, मालेगावात सुट्टी शुक्रवारची, मुंबईच्या कापड बाजारात रविवारची. शनिवारी संध्याकाळी भरलेल्या ट्रकचे बिल सोमवारी रात्री बारापर्यंत चालते. रविवारी सकाळी ट्रक मुंबईत, बाजार बंद. सोमवारी काही कारणाने माल उतरला नाही, मिरवणूक निघाली किंवा हिंदमाता-सायनला पाणी भरले, की मंगळवारी तोच माल बिनबिलाचा ठरतो. मुदत संपण्यापूर्वी आठ तास आणि संपल्यानंतर आठ तास, एवढ्या वेळात कारण देऊन ती वाढविता येते. ते काम गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्या ट्रान्स्पोर्टवाल्याचे आहे, पण आठवण व्यापाऱ्याने करावी. ड्रायव्हरला पोर्टल उघडता येईल अशी अपेक्षा धरू नये.

पकडले गेल्यास किती जाते? समजा माल दोन लाखांचा आहे. कापडावर ५ टक्के कर, म्हणजे दहा हजार. माल सोडविण्यासाठी मालकाला कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो, म्हणजे वीस हजार. गाडी तेवढे दिवस अडकून राहते आणि तिचे हॉल्टिंग चालू राहते. मात्र प्रत्येक चूक सारखी नसते हेही माहीत असू द्या. गाडीच्या नंबरात एक-दोन आकडे किंवा अक्षरे चुकली, यासारख्या किरकोळ चुकांसाठी पूर्ण दंड लावू नये, केंद्र व राज्य मिळून एक हजार रुपये घ्यावेत, असे सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात (क्रमांक ६४) स्पष्ट लिहिले आहे. या परिपत्रकाची एक प्रत बिल्टीसोबत ड्रायव्हरजवळ देऊन ठेवली तर रात्री दोन वाजता रस्त्यावर त्याची बाजू मांडायला काहीतरी हातात राहते.

वाराई कोणी द्यायची?

माल उतरताना सर्वांत कडवट भांडण होते ते वाराईवरून. ट्रक दाराशी आला की हमाल वाराई मागतात. व्यापारी म्हणतो, भाड्यात आली. ट्रान्स्पोर्टवाला म्हणतो, भाडे फक्त गाडीचे. ड्रायव्हरच्या खिशात मालकाने दिलेला भत्ता असतो, जेवणाचा आणि चहाचा, त्यातूनच तो देतो आणि नंतर ते पैसे त्याला परत मिळतातच असे नाही. लॉरीवाल्यांच्या संघटनांची जुनी घोषणा आहे, ज्याचा माल त्याचा हमाल. ती आम्हाला सोळा आणे रास्त वाटते, जरी आम्ही माल घेणाऱ्यांच्या बाजूचे असलो तरी.

महाराष्ट्रात माथाडी हमालांसाठी १९६९ चा कायदा आहे. त्याखाली निरनिराळ्या धंद्यांसाठी मंडळे आहेत, मुंबईच्या कापड बाजारासाठीही स्वतंत्र मंडळ आहे. नोंदलेल्या हमालाची मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालकाने मंडळात भरायची असते. येथे मालक म्हणजे व्यापारी. दोनशे मैलांवरून आलेला ड्रायव्हर नव्हे. हमालाचे हक्काचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. मजुराच्या मजुरीबाबत हदीस शरीफात किती कडक ताकीद आहे हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतोच. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या खिशातून जावेत. यावर साधा उपाय बिल्टीवर एक ओळ लिहिण्याचा आहे : "उतराई व वाराई माल घेणाऱ्याकडे". टू-पे बिल्टी असेल तर भाडे आणि वाराई वेगवेगळी दाखवावी. ही ओळ असली की दारात आवाज चढत नाही.

दुसरी गोष्ट पोचेची. सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय ट्रान्स्पोर्टवाला बाकी भाडे सोडत नाही, आणि बाकी भाडे आल्याशिवाय ड्रायव्हरचा हिशेब होत नाही. माल उतरून गेला, पण मुनीम जेवायला गेला आहे, सेठ नमाजला गेले आहेत, शिक्का कपाटात आहे, म्हणून ड्रायव्हर दोन-दोन तास जिन्यात उभा राहतो. शुक्रवारी तर साडेबारानंतर शेख मेमन स्ट्रीटच्या जुमा मशिदीच्या आजूबाजूला काम थांबतेच, आणि तो ड्रायव्हर बहुधा आपलाच, त्यालाही नमाज असते. जुम्याच्या दिवशी साडेअकरापूर्वी माल उतरवून पोच द्यावी, नाहीतर तीननंतरच टेंपो बोलवावा. पोच देण्याचा अधिकार दुकानातील आणखी एका माणसाला लिहून देण्यात काही नुकसान नाही.

भिजलेली आणि हरवलेली गाठ

पावसाळ्यात ताडपत्री असूनही माल भिजतो, विशेषतः टेंपोतून हातगाडीवर जाताना. तेथे ट्रकच्या ड्रायव्हरला जबाबदार धरण्यात इन्साफ नाही. म्हणूनच गाठ जेथे हात बदलते तेथे तिची हालत पाहून बिल्टीच्या प्रतीवर शेरा लिहावा : कोरडी, ओली, फाटलेली. शेरा न लिहिता सही केली आणि तिसऱ्या दिवशी तागे उघडल्यावर डाग दिसले, तर दाव्यात फारसा दम राहत नाही.

कायदा असा आहे. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी १८६५ चा कायदा होता, त्याच्या जागी २००७ चा आला, तो १ मार्च २०११ पासून लागू आहे. मालाचे नुकसान झाले तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ट्रान्स्पोर्टवाल्याला लेखी नोटीस गेली पाहिजे, तिच्याशिवाय दावा चालत नाही. फोनवरची बोलणी, व्हॉट्सअ‍ॅपवरचा गरम शब्द, दलालाची मध्यस्थी, यांत सहा महिने सहज निघून जातात. आणि नियम असा की जास्त किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर दिलेला नसेल, तर ट्रान्स्पोर्टवाल्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. समजा भाडे तीन हजार, माल पाच लाखांचा. सगळा गेला तरी तीस हजारांवर हक्क. बाकीचे हवे असेल तर वाहतुकीचा विमा काढावा. पुष्कळ जण तो काढीत नाहीत आणि नुकसान झाले की ड्रायव्हरचे लायसन्स ठेवून घेतात. ड्रायव्हरचे लायसन्स ठेवून घेण्याचा व्यापाऱ्याला काहीही अधिकार नाही, आणि त्याने एक तागाही परत येत नाही.

त्या माणसाच्या झोपेचाही थोडा विचार व्हावा. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला तेव्हाच दिवसाचे आठ तास ठरले होते. कसारा घाट रात्री उतरून आलेला ड्रायव्हर सकाळी अकरापर्यंत मार्केटच्या बाहेर जागा राहतो, दुपारी माल उतरवितो आणि संध्याकाळी परतीचे भाडे धरून पुन्हा घाट चढतो. आपल्या पुढच्या गाठी त्याच्याच भरवशावर येणार असतात. पाणी, संडास आणि दोन तास पडायला जागा, एवढे मार्केटच्या कमिट्यांनी मनावर घेतले तर होऊ शकते.

रमजानची गोष्ट

आपल्या धंद्यात सर्वांत कठीण दिवस रमजानचे. ईदचा माल याच महिन्यात हवा असतो, आणि याच महिन्यात ट्रकचा एकमेव मोकळा वेळ, म्हणजे रात्र, संपून जातो. इफ्तारनंतर मिनारा मशिदीपासून मोहम्मद अली रोडवर जी गर्दी होते ती सहेरीपर्यंत ओसरत नाही. खाण्याच्या गाड्या, खरेदीला आलेली कुटुंबे, उभ्या दुचाकी. त्यातून ट्रक नेणे म्हणजे ड्रायव्हरची परीक्षा, आणि एखाद्या पोराला धक्का लागला तर त्याच्या जिवावर बेतते. हमालही रोजात असतात. दुपारनंतर त्यांच्याकडून नेहमीच्या वेगाने काम होत नाही आणि होऊही नये.

यावर उपाय माल आधी आणण्याचा. शब-ए-बरातपूर्वी निदान भिवंडीपर्यंत गाठी येऊन पडल्या पाहिजेत. मग रमजानमध्ये रोज सकाळी एक लहान टेंपो भरून लागेल तेवढाच माल आणावा. अकरा ते एक ही वेळ त्यातल्या त्यात बरी. पंधरा-वीस दिवस आधी माल घेऊन ठेवायला भांडवल अडकते, हे लहान व्यापाऱ्याचे म्हणणे खरे आहे. अशा दोघा-तिघांनी मिळून भिवंडीत दोन महिन्यांसाठी एक गाळा भाड्याने घ्यावा, आणि टेंपोही एकच ठरवावा. मात्र गाळा घेताना प्रत्येकाने आपापल्या जीएसटी नोंदणीत तो व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून चढवून घ्यावा आणि प्रत्येकाच्या गाठींवर पेढीचे नाव ठळक लिहावे, म्हणजे तपासणीला कोणी आले तर कोणता माल कोणाचा हे वॉचमनलासुद्धा सांगता येईल.